बार्शीची मोजदाद

रोग लवकर ओळखला तर प्राण वाचतात, हे विधान आपल्याला इतके उघड वाटते की ते सिद्ध करावे लागते असे मनातही येत नाही. परंतु विज्ञानात उघड वाटणाऱ्या गोष्टीच अधिक कसून तपासाव्या लागतात. या विधानाची एक फार मोठी तपासणी आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथून झाली आणि तिच्या निष्कर्षांमुळे जगभरच्या डॉक्टरांच्या कामाची दिशा बदलली. मी भौतिकीचा शिक्षक आहे, वैद्यक माझा विषय नव्हे. परंतु या प्रयोगाचा कणा मोजमापाचा आहे, आणि मोजमाप कोठेही केले तरी त्याचे नियम तेच असतात.

प्रथम अडचण काय आहे ती पाहू. सोलापूरहून मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सुटते आणि सकाळी मुंबईस पोहोचते. समजा, एका डब्यात दोन प्रवासी झोपले आहेत. एकाला कुर्डुवाडीला जाग आली, दुसऱ्याला पुण्याला. मुंबई येईपर्यंत पहिला प्रवासी कितीतरी तास अधिक जागा होता; पण म्हणून गाडी त्याच्यासाठी उशिरा पोहोचली नाही. आता जाग येणे म्हणजे रोगाचे निदान होणे आणि मुंबई म्हणजे मृत्यू असे समजा. तपासणीमुळे निदान कुर्डुवाडीला झाले, तर 'निदानानंतर रोगी इतकी वर्षे जगला' हा आकडा आपोआप मोठा होतो, जरी एकही दिवस आयुष्य वाढलेले नसले तरी! म्हणून निदानानंतरची वर्षे मोजून काहीही सिद्ध होत नाही. मोजायचे ते मृत्यू.

दुसरी अडचण माणसांची आहे. स्वतःहून तपासणीला कोण येते? बहुधा शिकलेली, दवाखान्याच्या जवळ राहणारी, बरे खाणारी-पिणारी माणसे. त्यांच्यात मृत्यू कमी आढळले तर श्रेय तपासणीचे की त्यांच्या परिस्थितीचे, हे सांगता येत नाही. तेव्हा कोणाला तपासायचे हे माणसांच्या इच्छेवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवावे लागते. यालाच यादृच्छिक वाटणी म्हणतात. पुरेशी माणसे घेऊन अशी वाटणी केली की श्रीमंत-गरीब, शिकलेले-न शिकलेले, सशक्त-अशक्त हे सर्व प्रकार प्रत्येक गटात जवळजवळ सारख्या प्रमाणात येऊन पडतात. ज्या गोष्टी आपल्याला मोजता येत नाहीत, किंबहुना ज्यांची आपल्याला कल्पनाही नाही, त्यासुद्धा सारख्या वाटल्या जातात. चिठ्ठीचे खरे सामर्थ्य यात आहे.

आता रोगाविषयी. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागाला गर्भाशयमुख म्हणतात. तेथे होणारा कर्करोग भारतातील स्त्रियांमध्ये फार आढळतो आणि ग्रामीण भागात त्याने अनेक घरांतील आई ऐन चाळिशी-पन्नाशीत हिरावून नेली आहे. याचे कारण एक विषाणू आहे. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार कर्करोगाच्या पेशींत शोधून काढले. त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात.

हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. तो इतका सर्वत्र आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी त्याची लागण होते आणि बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसाही होतो. म्हणून हा रोग होणे यात लाजेचे काहीही नाही. ज्या थोड्या स्त्रियांत विषाणू ठाण मांडून बसतो, त्यांच्या पेशींत हळूहळू बिघाड होत जातो. या बिघाडाचा कर्करोग व्हायला बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. वैद्यकाला मिळणारा हा अवधी फार मोलाचा आहे. बिघडलेला भाग याच काळात काढून टाकला तर कर्करोग होतच नाही. हे काम गोठवूनही करता येते. दाबाखालचा वायू बारीक छिद्रातून बाहेर पडून प्रसरण पावला की एकदम थंड होतो, हे तुम्ही पुढे भौतिकीत शिकाल. त्याच तत्त्वावर चालणारे छोटे उपकरण लावून तेवढाच भाग गोठवून नष्ट करतात.

पण बिघाड झाला आहे हे ओळखायचे कसे? त्यासाठी तीन पद्धती होत्या. पहिली पॅप तपासणी : डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत गर्भाशयमुखावरील थोड्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यासाठी तरबेज डोळा लागतो. दुसरी पद्धत अगदी स्वस्त : ३ ते ५ टक्के तीव्रतेचे असेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ आपले स्वयंपाकघरातील व्हिनेगर, गर्भाशयमुखावर लावायचे आणि मिनिटभर थांबून पाहायचे, बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. तिसरी पद्धत विषाणूलाच शोधण्याची. एचपीव्हीचा कण सुमारे ५५ नॅनोमीटरचा असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणे शक्यच नाही. म्हणून त्याच्या डीएनएला नेमके चिकटणारे रेणू वापरतात आणि रासायनिक क्रियेतून निघणारा मंद प्रकाश मोजतात. प्रकाश ठराविक मर्यादेपेक्षा जास्त मिळाला म्हणजे विषाणू आहे. ही पद्धत सर्वांत महाग.

या तिघींपैकी कोणत्या पद्धतीने खेड्यापाड्यांतील स्त्रियांचे प्राण खरोखर वाचतात? हा प्रश्न घेऊन तीन संस्था एकत्र आल्या : फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय. डॉ. आर. शंकरनारायणन हे लिआँच्या संस्थेतून या कामाचे प्रमुख होते, तर बार्शीच्या बाजूने डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांचा त्यात मोठा वाटा होता.

तुम्ही म्हणाल, मुंबई सोडून बार्शी का? याचे उत्तर १९८७ मध्ये सापडते. त्या वर्षी बार्शीत ग्रामीण भारतातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात होती. शहरातील नोंदणीला रुग्णालयांचे कागद पाहून भागते. येथे ते शक्य नव्हते, कारण अनेक रोगी रुग्णालयाचे तोंडही न पाहता मरत. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरू लागले. ते लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगत, कोणाला तशी लक्षणे आहेत काय ते विचारत आणि रोग्याला बार्शीला घेऊन येत. केवळ एवढ्या बोलण्याचाच परिणाम असा झाला की पुढील काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत आढळू लागला. ही माणसे मोजदाद करीत होती, पण मोजता मोजता ज्याला मोजायचे तेच बदलत होते! भौतिकीत उपकरणामुळे मोजली जाणारी राशी बदलली तर आपण वैतागतो. येथे मात्र ते फारच चांगले झाले.

मृत्यू मोजायचे तर मृत्यू कोठे व कशाने झाला हे कळायला हवे, आणि ती यंत्रणा बार्शीने आधीच उभी केली होती. म्हणून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) प्रयोग करायचे ठरले. ४९७ गावांचे प्राथमिक आरोग्य केंद्रांनुसार ५२ समूह पाडले आणि यादृच्छिक वाटणीने प्रत्येकी १३ समूहांचे चार गट केले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या एकूण १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. पहिल्या गटाला एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हिनेगर, आणि चौथ्या गटाला एकही तपासणी नाही. केवळ रोगाविषयी माहिती व तपासणी कोठे होते ते सांगणे. हा झाला तुलनागट. ऑक्टोबर १९९९ मध्ये काम सुरू झाले. प्रत्येक स्त्रीची तपासणी एकदाच व्हायची होती. शेताची कामे, घरच्यांची परवानगी, संकोच अशा अनेक कारणांनी सगळ्या आल्या नाहीत. तरी पाचापैकी जवळजवळ चार आल्या, ही माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत अवघड गोष्ट होती. ज्या आल्या नाहीत त्यांनाही त्यांच्याच गटात मोजले. हे महत्त्वाचे आहे. त्यांना वगळले असते तर चिठ्ठीने साधलेला सारखेपणा तेथेच मोडला असता.

दोष आढळलेल्या स्त्रियांची पुढील तपासणी व उपचार झाले आणि मग सर्व गटांवर आठ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. २ एप्रिल २००९ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू असे :

एचपीव्ही : ३४,१२६ स्त्रिया, ३४ मृत्यू
पॅप : ३२,०५८ स्त्रिया, ५४ मृत्यू
व्हिनेगर : ३४,०७४ स्त्रिया, ५६ मृत्यू
तुलनागट : ३१,४८८ स्त्रिया, ६४ मृत्यू

गट सारख्या आकाराचे नाहीत, म्हणून दर लाख स्त्रियांमागे मृत्यू काढू. ते अनुक्रमे सुमारे १००, १६८, १६४ आणि २०३ येतात. वहीत स्वतः करून पाहा. आता सांगा, तीनही तपासण्या उपयोगी ठरल्या काय? आकडे तर तिन्हींचे कमी आहेत.

येथे घाई करू नये. आमच्या प्रयोगशाळेत किरणोत्सर्ग मोजणारा गायगर गणक आहे. त्यासमोर एकच नमुना ठेवून दर मिनिटाला मोजणी केली तर एकदा १००, एकदा ९१, एकदा १०८ असे आकडे येतात. नमुना बदललेला नसतो. हा योगायोगाचा चढउतार होय. त्याचा अंदाज देणारा नियम सोपा आहे : संख्येचे वर्गमूळ घ्या. १०० मोजले तर चढउतार १० च्या आसपास, ६४ मोजले तर ८ च्या आसपास. गणक नसेल तर घरी ज्वारीवर करून पाहा. मोठ्या कागदावर बुद्धिबळाच्या पटासारखी ६४ घरे आखा आणि साधारण हजार दाणे उंचावरून शक्य तितके सारखे विखरून टाका. प्रत्येक घरात सरासरी १५-१६ दाणे यायला हवेत. मोजा. बहुतेक घरांत १२ ते २० च्या दरम्यान दाणे सापडतील, पण एखाद्यात ९ तर एखाद्यात २४ सुद्धा. २४ दाण्यांचे घर काही भाग्यवान नसते.

हा नियम लावून व्हिनेगरचा गट पाहू. तुलनागटाच्याच दराने मृत्यू झाले असते तर तेथे सुमारे ६९ झाले असते, झाले ५६. फरक १३. दोन्ही संख्यांचा चढउतार एकत्र धरला तर तो ११-१२ च्या घरात जातो. म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. पॅपच्या गटाची गत तीच. एचपीव्हीच्या गटात मात्र अपेक्षा ६९ ची आणि मृत्यू ३४. फरक ३५ आणि चढउतार सुमारे साडेदहा, म्हणजे फरक तिपटीहून जास्त. ही ज्वारी आपोआप पडलेली नाही.

आपला हिशेब थोडा भाबडा आहे, हेही सांगितले पाहिजे. स्त्रिया एकेक करून नव्हे तर गावांच्या समूहांनी वाटल्या होत्या, आणि एकाच परिसरातील माणसे पुष्कळ बाबतींत एकमेकांसारखी असतात. त्यामुळे खरा चढउतार वर्गमुळापेक्षा काहीसा मोठा धरावा लागतो. संशोधकांनी तो धरून काढलेले उत्तर असे : एचपीव्ही गटातील मृत्यूंचे प्रमाण तुलनागटाच्या ०.५२ पट, आणि खरी किंमत बहुधा ०.३३ ते ०.८३ च्या दरम्यान. फरक नसता तर गुणोत्तर १ असते. येथे १ हा आकडा मर्यादेच्या बाहेर पडतो. व्हिनेगरसाठी ०.८६, मर्यादा ०.६० ते १.२५, येथे १ आतच आहे.

याच लेखातील आणखी एक निरीक्षण मला फार बोलके वाटते. ज्या स्त्रियांना 'तुमच्यात काही दोष नाही' असे सांगितले गेले, त्यांच्यापैकी पुढे कितीजणींना कर्करोग झाला? पॅप किंवा व्हिनेगरने निर्दोष ठरलेल्यांत हे प्रमाण एचपीव्हीने निर्दोष ठरलेल्यांच्या चौपटीहून जास्त होते. जी स्त्री आयुष्यात एकदाच तपासणीला येणार आहे, तिला दिलेले 'नाही' हे उत्तर भरवशाचे असणे सर्वांत महत्त्वाचे.

मग व्हिनेगर टाकाऊ ठरले काय? तसे नाही. टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर दुसरा प्रयोग केला. तेथे आरोग्यसेविकांनी व्हिनेगरचीच तपासणी केली, पण दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा. बारा वर्षांनंतर मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळले. एकदा टाकलेल्या जाळ्यातून जे सुटते ते चौथ्यांदा सापडू शकते. बार्शीचे उत्तर 'एकदाच तपासायचे असेल तर' या प्रश्नाचे होते. शास्त्रीय निष्कर्ष वाचताना त्याच्यासोबतची अट गळून पडू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पहिली पसंती एचपीव्हीच्या डीएनए तपासणीला दिली.

आता एक असा प्रश्न, जो वर्गमुळाने सुटत नाही. तुलनागटातील ६४ स्त्रिया मरण पावल्या. त्यांना एचपीव्ही तपासणी दिली असती तर, आकड्यांवरून पाहता, त्यांच्यापैकी तीसेक वाचल्या असत्या. मग त्यांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय? हा प्रश्न प्रयोगानंतर देशात आणि परदेशातही जाहीरपणे विचारला गेला. टीकाकारांचे म्हणणे असे की पॅप तपासणीने पाश्चात्त्य देशांत मृत्यू कमी झाल्याचे आधीच माहीत होते. मग काहीच न करण्याशी तुलना कशाला? संशोधकांचे उत्तर असे की त्या वेळी या भागात स्त्रियांसाठी नियमित तपासणी मुळी नव्हतीच, आणि श्रीमंत देशात चाललेली पद्धत येथे चालेलच याची खात्री नव्हती. निकालाने या शंकेला बळ दिले, कारण एकदाच केलेल्या पॅप तपासणीचा स्पष्ट फायदा दिसला नाही.

मला स्वतःला असे वाटते की शून्य-बिंदू ठाऊक नसेल तर मापकाचे वाचन निरर्थक असते. तीनही गटांत सारखेच मृत्यू आले असते, तर तिन्ही पद्धती चांगल्या की तिन्ही निकामी, हे तुलनागटाशिवाय कळले नसते. परंतु मापकाचा शून्य-बिंदू म्हणजे लोखंडी काट्याची एक जागा असते. येथे तो तीस हजारांवर स्त्रियांचा होता. त्यामुळे प्रयोग संपल्यावर तुलनागटाला काय व केव्हा द्यायचे, हे अशा प्रत्येक प्रयोगात आरंभीच लिहून ठेवलेले असावे. तुमच्या वर्गात या प्रश्नावर दोन बाजू पाडून चर्चा करून पाहा; शिक्षकांनी मात्र निकाल देण्याची घाई करू नये.

बार्शीचा संबंध आणखी एका प्रयोगाशी आला, आणि तो तुमच्याच वयाच्या मुलींविषयी होता. एचपीव्हीविरुद्ध लस निघाली तेव्हा तिच्या तीन मात्रा देत. दोन मात्रा पुरतील काय हे पाहण्यासाठी २००९ मध्ये भारतात नऊ ठिकाणी १० ते १८ वर्षांच्या मुलींवर चाचणी सुरू झाली. बार्शी त्यांपैकी एक. २०,००० मुली घ्यायच्या होत्या. परंतु खम्मम व वडोदरा जिल्ह्यांतील लसीकरणाच्या एका वेगळ्याच प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाल्याने देशात मोठा वाद उठला. पुढे चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, मात्र संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर दोष आढळले. दरम्यान एप्रिल २०१० मध्ये सरकारी आदेशाने देशातील अशा सर्व चाचण्यांतील लस देणे थांबले. तोवर १७,७२९ मुली सहभागी झाल्या होत्या. कोणाला तीन मात्रा मिळाल्या होत्या, कोणाला दोन, आणि ४,९४९ मुलींना एकच.

प्रयोग मोडला, असे कोणीही म्हटले असते. पण संशोधकांनी या मुलींचा मागोवा सोडला नाही. सुमारे दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, १६ व १८ या प्रकारांच्या चिवट लागणीपासून मिळणारे संरक्षण प्रसिद्ध झाले : तीन मात्रांनी ९३.३ टक्के, दोन मात्रांनी ९३.१ टक्के, एका मात्रेने ९५.४ टक्के. एक मात्रा जास्त चांगली, असा याचा अर्थ मुळीच नाही, ज्वारी आठवा. तिन्ही आकडे सारखेच आहेत. मात्र एक मात्रा कोणाला मिळाली हे चिठ्ठीने नव्हे तर सरकारी आदेशाच्या तारखेने ठरले होते, म्हणून केवळ या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे होते. ती उणीव केनियातील एका रीतसर यादृच्छिक चाचणीने २०२२ मध्ये भरून काढली. तेथेही एकाच मात्रेचे संरक्षण सुमारे ९७ टक्के भरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षे वयासाठी एकच मात्रा देण्यास मान्यता दिली. तीनऐवजी एक मात्रा पुरली तर तेवढ्याच पैशांत तिप्पट मुलींना लस देता येते, हे गणित तुम्हाला सांगायला नको.

लशीमुळे खुद्द कर्करोग किती टळले, याचे उत्तर मिळण्यास मात्र वेळ लागतो. रोगच दहा-वीस वर्षांनी प्रकट होणारा. २००९ मध्ये त्या चाचणीत दंड पुढे करणाऱ्या मुली आता पंचविशी ते पस्तिशीच्या दरम्यान आहेत, आणि उस्मानाबादच्या प्रयोगात स्त्रियांची तपासणी तिसाव्या वर्षापासून सुरू होत होती.